दोन वह्यांतला पक्षी

आमच्या घरात वाटणीशिवाय पान हलत नाही. चिक्कीची वडी, गाडीतली खिडकीची जागा, आजीच्या मांडीची उजवी बाजू, रंगपेटीतला आकाशी रंग, सगळ्याचा आधी हिशेब होतो. थोरली 9 वर्षांची, धाकटा 5. दुधाचे पेले ओट्यावर ठेवले की दोघं वाकून, डोळे पेल्यांच्या उंचीला आणून पातळी तपासतात, आणि तेही इतकं मन लावून की मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहते. बरोबरी म्हणजे काय हे ती एकमेकांकडूनच शिकतायत. मला त्यात वेगळं काही शिकवावं लागलेलं नाही.

पक्ष्याची मात्र वाटणी होत नाही. जास्वंदीच्या फांदीवर बुलबुल येऊन बसला, की तो अर्धा हिचा आणि अर्धा त्याचा करता येत नाही. सुरुवातीला त्यांनी "मी आधी पाहिला" असा हक्क लावून पाहिला. पण भांडण रंगात येईपर्यंत पक्षी उडालेला असे आणि रिकाम्या फांदीसमोर दोघं सारखीच रिकाम्या हातांनी उभी असत. जे काही उरलं असेल ते डोळ्यांत. मग कुणाच्या डोळ्यांत किती उरलं हे ठरवायला कागद लागला. आमच्याकडची पक्ष्यांची चित्रं अशी भांडणातून सुरू झाली.

नाशिकमधल्या आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट आहे. त्यावर अजून काही बांधलेलं नाही, आणि तिथल्या बाभळी, एरंड, घाणेरीच्या गचपणामुळे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पाहुण्यांची कधी वाण पडत नाही. आवारातला शेवगा फुलला की जांभळे शिंजीर येतात. विजेच्या तारेवर कोतवाल बसतो. उंबराच्या वाळक्या फांदीतून तांबट टुकटुक करत असतो, आणि तो मान फिरवत असल्यामुळे आवाज कधी इकडून तर कधी तिकडून येतोय असं वाटतं. दुपारी सगळी इमारत कलंडलेली असताना सातभाई घोळक्याने उतरतात आणि वाळका पाला उलटापालटा करत जातात. भारद्वाज दिसला की सासूबाई हात जोडतात. धाकटाही जोडतो, आणि हात तसेच जोडलेले ठेवून त्या लाल डोळ्याकडे टक लावून बघत राहतो.

वह्या दोन आहेत. एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या पुठ्ठ्याच्या. पण उघडल्या की त्या एका घरातल्या वाटत नाहीत. थोरली पक्षी तुकड्यातुकड्यांनी काढते. आधी चोच, मग डोळा, डोळ्याभोवतीचं कडं, मग पाय आणि पायाची बोटं. बाजूला तारीख, वेळ, "ढगाळ", "आई म्हणते मादी". तिच्या बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल ठिपका नेमका जागच्या जागी असतो, आणि डोक्यावरचा तुरा पुन्हा पुन्हा खोडून काढलेला. धाकट्याच्या वहीतला बुलबुल म्हणजे पानभर फिरत गेलेली एक रेघ. "तो असा आला," बोट फिरवत तो सांगतो, "इथून इथे, मग इथे, मग उडाला." पंख नाहीत, चोच नाही. रेघ जिथे गिरवून दाट झाली आहे, तिथे बुलबुल थांबला होता.

हा निव्वळ वयाचा फरक असावा असं मला वाटत नाही. थोरली 5 वर्षांची होती तेव्हाही चित्रातल्या माणसांच्या हाताला मोजून पाच बोटं काढायची. तिला पक्षी कसा आहे ते हवं असतं. त्याला पक्ष्याने काय केलं ते हवं असतं. पक्षी पाहायला दोन्ही लागतं. तळ्याच्या पार पलीकडे, उन्हाच्या विरुद्ध दिशेला बसलेल्या पक्ष्याचा रंग दिसत नाही. तिथे जुनीजाणती माणसं त्याला त्याच्या वागण्यावरून ओळखतात. धोबी शेपूट खालीवर नाचवत चालतो, वेडा राघू हवेत माशी टिपून पुन्हा त्याच तारेवर येतो, नाचण शेपटीचा पंखा उघडून जागच्या जागी गिरक्या घेतो. पण झुडपातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या चिमुकल्यांपैकी कोण कुठला हे पटवायचं, तर थोरलीचा ठिपकाच कामाला येतो.

पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींची गोष्ट मी मुलांना सांगते ती यासाठीच. मुंबईतला एक मुलगा, हातात एअरगन. त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता, एरवीच्या चिमणीला नसणारा. हा डाग कसला हे विचारायला 1908 साली तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला पक्षी ओळखून दिला आणि जपून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. थोरलीला ही गोष्ट इथपर्यंतच आवडते. एवढ्याशा पिवळ्या डागापासून एक आख्खं आयुष्य सुरू होतं, हे तिच्या मनाला फार भावतं. धाकट्याला पुढची आवडते. 1930 च्या सुमारास, अलिबागजवळच्या किहीमला, तेच सलीम अली सुगरणींच्या वसाहतीसमोर लपून बसून तासन् तास बघत राहिले. नर खोपा अर्धा विणतो, मग मादी येऊन तो तपासते, पसंत पडला तर आत राहते, आणि ती अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो. कुणी काय केलं, कधी केलं, मग काय झालं. एकाच माणसाला आधी डाग दिसला आणि पुढे हे सगळं दिसत गेलं. मला या दोन्ही मुलांकडे बघताना त्या माणसाचा मोठा आधार वाटतो.

चित्र काढायचं म्हणून पाहिलं की रोजचा पक्षीही कसा नवा होतो, हे आमच्याकडे कावळ्याने दाखवलं. भाद्रपदात, पितृपक्षात, सासूबाई गच्चीच्या कठड्यावर पान ठेवतात. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार-भोपळ्याची भाजी. सासऱ्यांना जाऊन फार काळ झालेला नव्हता. त्या दिवशी कावळा आमच्यासाठी नुसता पक्षी राहिला नाही. आम्ही सगळे जरा मागे सरकून उभे होतो. तो आला, वडा उचलून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला, आणि सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. संध्याकाळी थोरलीने वही उघडली आणि काळा खडू घेऊन कावळा भरायला लागली. धाकटा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "ताई, मान काळी नव्हती." ती म्हणाली, कावळा काळाच असतो. तो म्हणाला, "मान आजोबांच्या केसांसारखी होती."

दुसऱ्या दिवशी सगळं घर गच्चीत गेलं. कठड्यावर कावळे होतेच. मान खरोखरच राखी. डोकं काळं, पंख काळे, आणि मधे मानेभोवती, छातीवर तो राखाडी पट्टा. घरकावळ्याला तो असतो. सगळ्या अंगाने काळा असतो तो डोमकावळा, थोराड चोचीचा, तो आमच्या उंबरावर कधीमधी येतो. जन्मभर कावळ्याला घास घातलेल्या सासूबाई नातवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की." थोरलीने काहीही न बोलता खोडरबर घेतलं, मग ते बाजूला ठेवलं आणि नवं पान काढलं. राखाडी रंग पेटीत नव्हता. तो त्यांनी पांढऱ्यावर पेन्सिलीचं शिसं घासून केला. त्या चित्रावर दोघांची नावं आहेत, आधी हिचं, मग त्याचं, आणि या क्रमावर त्या दिवशी वाद झाला नाही.

मी शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींनी ती दिलेली असते. ड्रॉइंग बोर्ड बगलेत मारून परक्या शाळेत जायचं, पाण्याचा डबा सांडू नये म्हणून जपायचं. त्यात वस्तुचित्र असे आणि स्मरणचित्र असे. वस्तुचित्रात समोर मांडलेली बादली, मडकं, कापडाची घडी. हवं तितक्या वेळा मान वर करून बघा. स्मरणचित्रात समोर काहीच नाही, फक्त कोरा कागद आणि पाहिलेलं आठवायचं. आमचे सर बाजाराच्या दिवशी आम्हाला नुसतं बघायला पाठवायचे, वही न नेता. भाजीवालीचा हात तराजू धरताना कोपरात किती वाकतो, ओझं घेतलेल्या माणसाची मान कुठल्या बाजूला कलते. परत आल्यावर काढायला लावायचे.

पक्ष्याचं प्रत्येक चित्र स्मरणचित्रच असतं. बादली बसून राहते, पक्षी राहत नाही. म्हणून तो असतानाच्या त्या क्षणात डोळे आणि मन दोन्ही जागेवर असावी लागतात, आणि मुलांची ती असतात. मला त्यांचं ते थांबणं बघायला आवडतं. एरवी खुर्चीवर एक मिनिट न टिकणारा धाकटा, खिडकीत शिंजीर आला की श्वास अडवून उभा राहतो. त्याची बोटं मांडीवर हलत असतात. तो तेव्हाच काढायला लागलेला असतो.

आता शिंप्याबद्दल, कारण आमच्या घरातला तो मोठा अध्याय आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात देशी बदामाचं एक रोप आपोआप उगवलं आहे. जिन्याच्या पहिल्या वळणावरच्या खिडकीतून ते अगदी खाली, जवळ दिसतं. पावसाळ्याच्या तोंडी तिथे शिंप्यांची जोडी दिसायला लागली. अंगठ्याएवढा पक्षी, पाठ हिरवट, कपाळ तांबूस, शेपूट उभी, आणि आवाज त्या अंगाच्या मानाने प्रचंड. धाकट्याने पहिल्यांदा पाहिलं की तो ओरडतो तेव्हा त्याच्या गळ्याच्या बाजूला काळं उमटतं आणि गप्प झाला की जातं. ते तसंच असतं. ओरडताना तिथली गडद कातडी दिसते. मग मादी बदामाच्या दोन मोठ्या पानांशी काहीतरी करायला लागली, आणि आमच्या घराचं वेळापत्रक जिन्यात गेलं. डबा भरून होईपर्यंत एक जण खिडकीत, दप्तर भरून होईपर्यंत दुसरं. खाली रोपापाशी जायचं नाही, हात लावायचा नाही, हा नियम थोरलीने केला आणि इमारतीतल्या सगळ्या मुलांना ऐकवला.

पानं कडेने जवळ येत गेली आणि त्यांचा एक द्रोण झाला. हे कसं केलं ते दिसत होतं आणि कळत नव्हतं. म्हणून एका रविवारी दोघं आजीकडे सुई मागायला गेली. सासूबाई गोधड्या शिवतात. जुनी लुगडी एकावर एक घालून, कडेपासून आत आत धावदोरा घालत. त्यांनी गोधडीची जाड सुई आणि दोरा दिला आणि जास्वंदीची पानं घेऊन सगळे स्वयंपाकघरात फरशीवर बसले. पहिलं पान टाका ओढताच फाटलं, दुसरंही. थोरलीने बारीक सुई मागितली, टाके जवळ घेतले, पान शिरेपासून शिरेपर्यंत चिरत गेलं. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "ओढू नका रे. कापड ओढ सोसतं, पान कसं सोसेल? नुसतं धरून ठेवायचंय." मग दोरा सैल सोडून बघितला, तेव्हा दोन पानं कशीबशी एकमेकांजवळ राहिली.

संध्याकाळपर्यंत ती पानं मलूल होऊन वळली आणि टाके आपोआप सुटले. खालच्या रोपावरचा द्रोण मात्र हिरवागार होता. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग धाकटा म्हणाला, "तिने पान तोडलंच नाही." दुसऱ्या दिवशी ती दोघं सुईदोरा घेऊन जास्वंदीपाशी गेली आणि झाडावरचीच दोन पानं, सैल, तीन टाक्यांत जोडून आली. ती जोडी पुढे कितीतरी दिवस हिरवी होती. पावसात भिजली, वाऱ्यात हलली, एकदा तिच्यात मुंग्या दिसल्या. मुलांनी आजवर केलेल्या कलाकृतींमध्ये माझी सगळ्यात आवडती ती आहे. ती भिंतीवर लावता आली नाही, कपाटात ठेवता आली नाही, आणि ती कुणाची हे कुणी विचारलं नाही.

पिल्लं उडून गेली, खोपा रिकामा झाला, बदामाची ती पानं पिवळी पडून गळाली, तेव्हा आम्ही तो द्रोण घरात आणून भिंगाखाली पाहिला. पानाच्या कडेला टाचणीने पाडावीत तशी भोकं. त्यांतून कापसाचे आणि कोळिष्टकाचे तंतू आरपार गेलेले. गाठ कुठेच नाही. भोकातून बाहेर आलेलं टोक फुलून पसरलेलं आणि तेच अडकून धरून राहिलेलं. एकेक टाका सुटा. आत काळ्या केसांची, कापसाची मऊ गादी. त्यात एक लांब पांढरा केस होता. सासूबाईंनी तो बोटावर घेऊन उन्हात धरला आणि काही न बोलता पुन्हा जागेवर ठेवला. गॅलरीत बसून केस विंचरायची त्यांची रोजची सवय आहे.

रंगांच्या बाबतीत माझ्याही डोक्यात त्यांच्यामुळे बरंच काही हललं. थोरलीच्या मराठीच्या पुस्तकात मोरपीस आहे. माझ्याही पुस्तकात असायचं. त्याला पिल्लं होतील म्हणून आम्ही रोज उघडून बघायचो. एकदा तिने ते काढायला घेतलं. निळा, हिरवा, जांभळा, सोनेरी असे थर देत चालली होती. धाकट्याने पीस उचलून खिडकीच्या काचेला लावलं, आणि निळा रंग नाहीसा झाला. नुसता तपकिरी, काळपट. खाली घेतलं की निळा परत. मोरपिसात निळा रंग भरलेला नसतोच. पिसाच्या आत गडद तपकिरी द्रव्य असतं, आणि त्याच्या अतिसूक्ष्म रचनेवरून परतणारा उजेड निळाहिरवा होऊन आपल्यापर्यंत येतो. उजेड मागून आला की राहतो तो तपकिरी. त्या दिवशी थोरलीने दोन मोरपिसं काढली, शेजारी शेजारी, उजेड पुढून आणि उजेड मागून. पुष्कळ वर्षं ज्याच्याकडे मी निळं म्हणून पाहिलं, त्याची ही दुसरी बाजू मला माझ्या मुलांनी दाखवली. मला हे फार मोलाचं वाटतं. आईबापांनी मुलांना जग दाखवायचं असतं असं आपण म्हणतो, पण पाच वर्षांचं मूल पीस उचलून काचेला लावतं तेव्हा ते नेमकं काय शोधत असतं?

चिमण्यांचं थोडक्यात सांगते. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो आणि तो 2010 साली सुरू करण्यात पुढाकार घेणारे मोहम्मद दिलावर आमच्या नाशिकचे, हे कळल्यापासून मुलांना चिमणी ही स्वतःच्या गावची जबाबदारी वाटते. त्यांनी बाबांच्या मदतीने लाकडी घरटं केलं. बाहेरून सूर्य, ढग आणि एक आगगाडी रंगवली. चिमण्यांनी ते घर घेतलं नाही. त्यांनी त्याच्या वरच्या फटीत, छपराआड, गवताची काडी काडी आणून स्वतःचं बस्तान बसवलं. आगगाडी खाली, चिमण्या वर. धाकटा म्हणतो, त्या गाडीच्या टपावरून चालल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात तो आजारी पडला. ताप चढत होता, उतरत होता, आणि शाळा, खिडकी, वही सगळं बंद होतं. थोरलीला आम्ही दुसऱ्या खोलीत झोपवत होतो, जवळ येऊ देत नव्हतो. ती दारात उभी राहून बघायची. तो बरा झाल्यावर बऱ्याच दिवसांनी तिची वही आवरताना मला ते पान दिसलं. तारीख. "सकाळी 8. पलंगावर. पांघरुणात. फक्त डोळे बाहेर. आवाज नाही." पुढे, "8.20. पाणी प्यायला. दोन घोट." मग, "9.05. उजव्या कुशीवर वळला. खाणं : अर्धी इडली." शेजारी चित्र. पांघरुणाची रेघ आणि तिच्यावर दोन डोळे, डोळ्याभोवतीचं कडं नीट काढलेलं, जसं ती नेहमी काढते. असं पानांमागून पान होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "संध्याकाळी 5. ओरडला. गादीवरून उडी मारली."

मी ती वही घेऊन बराच वेळ बसले होते. मग त्याची वही उघडली. त्याच दिवसांतली म्हणावी अशी तिच्यात एकच खूण होती. पानाच्या एका टोकाला चौकोन, दुसऱ्या टोकाला आडवा लांबट आकार, आणि चौकोनाच्या आतल्या आत मागेपुढे, मागेपुढे गेलेली रेघ, इतक्यांदा गिरवलेली की तिथला कागद शिशाने चमकत होता. मी त्याला विचारलं, हा कुठला पक्षी? त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "ताई," तो म्हणाला. चौकोन म्हणजे दार होतं.

घर लहान असतं, माणसं तीच असतात, दिवसही तेच असतात. अशा घरात एकमेकांकडे पाहणं हळूहळू कमी होत जातं, कारण आपल्याला माहीतच असतं समोरचं कसं आहे ते. कावळा काळा असतो तसं. मुलांच्या वह्यांनी मला पुन्हा पाहायला लावलं आहे. सासूबाई उठताना डावा हात आधी टेकतात. नवरा त्याच्या आईशी बोलताना उभा राहतो, माझ्याशी बोलताना बसतो. थोरली खोटं बोलायच्या आधी केस कानामागे घेते. धाकटा झोपेत पेन्सिल धरल्यासारखी बोटं जुळवतो. हे सगळं आधीही होतंच.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सलीम अलींचा. त्या आठवड्यात आम्ही नांदूर मध्यमेश्वरला गेलो. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर, निफाडच्या बाजूला, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले. 2020 साली या जागेला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला. पहाटे द्राक्षांच्या बागा आणि कांद्याची शेतं मागे टाकत आम्ही काठावरच्या चापडगावला पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि त्यातून बदकांचा गलका नुसता ऐकू येत होता. सासूबाई गाडीतून उतरल्या, शाल डोक्यावरून घेतली आणि म्हणाल्या, "बाजार भरलाय जणू."

ऊन वर आलं तसे ते दिसायला लागले. चक्रवाक, थापट्या, लांब शेपटीची तलवार बदकं, पाण्यावरच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, काठाला जांभळ्या पाणकोंबड्या. दुर्बीण एकच होती. आता तिच्यावरून काय होईल या विचाराने मी पुढे होणार, तोवर त्यांनी आपसात काहीतरी ठरवलेलं होतं. एकाने बघायचं आणि सांगायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. पहिली पाळी धाकट्याची. समोर उथळ पाण्यात शेकाट्या उभे होते, काळे-पांढरे, सुईसारखी चोच, आणि अविश्वसनीय लांब गुलाबी पाय. थोरली पाण्याकडे पाठ करून वही मांडीवर घेऊन बसली.

"तो चालतोय," धाकटा सांगायला लागला. "पाय वर घेतो, दुमडतो, मग हळूच पाण्यात घालतो. त्याच्या खाली अजून एक आहे. उलटा. त्याचे पाय ह्याच्या पायांना चिकटलेत. हा चालला की तोपण चालतो. आता ह्याने चोच खाली नेली, त्याने वर आणली. त्यांनी एकमेकांना चोच लावली." थोरली काढत गेली. तिच्या वहीत पहिल्यांदाच एकाच्या जागी दोन पक्षी आले, पायाला पाय जोडलेले, आणि दोघांच्या मधे चोचींचा एक बिंदू. पंखांवर ठिपका नाही, बाजूला वेळ नाही. चित्र झाल्यावर तिने वळून पाण्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा कागदाकडे.

मग पाळी बदलली. धाकटा पाठ करून बसला, तिने दुर्बीण डोळ्याला लावली. "टिबुकली आहे," ती म्हणाली. "लहान. गोल. तपकिरी. शेपूट नाहीच जवळजवळ. चोच आखूड, टोकदार..."

"ताई, कशी आहे ते नको. काय करतेय ते सांग."

ती थांबली. दुर्बीण नीट केली.

"बुडाली," ती म्हणाली.

"मग?"

"अजून नाही आली वर."

"मग मी काय काढू?"

"पाणी काढ. गोल गोल. ती गेली तिथे. आता गोल मोठे होतायत." बराच वेळ गेला. "आली! तिकडे आली, दुसरीकडेच!"

"कुठे?"

"उजवीकडे. खूप उजवीकडे."

त्याने मान वर केली नाही. पाण्यातल्या त्या गोलांपासून रेघ ओढत नेली, वहीच्या कडेपर्यंत, आणि कड आली तशी ती तिथे न थांबवता शेजारी उघड्या पडलेल्या तिच्या वहीवर घेतली.

"अजून उजवीकडे," दुर्बिणीतून डोळा न काढता थोरली सांगत होती.